मदरबोर्ड प्रोसेसरच्या पंगतीला कसा बसला?

प्रश्न : सांगलीत माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या स्मरणिका अशी कामं असतात. २०१४ च्या दिवाळीत कॉम्प्युटर असेंबल करून घेतला होता. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय ५ प्रोसेसर बारा हजारांच्या आसपास आणि एच ८१ चिपसेटचा मदरबोर्ड बेचाळीसशेला पडला. इतकी वर्षं त्याने बिनतक्रार काम केलं. आता विंडोज १० चा आधार संपला आणि ११ त्यावर चढत नाही, म्हणून नवीन मशीन बघायला गेलो. दुकानदाराने एएमडीचा प्रोसेसर सतरा हजार आणि बी ६५० मदरबोर्ड साडेचौदा हजार असं कोटेशन हातात ठेवलं. मदरबोर्ड म्हणजे शेवटी सगळे भाग जोडायची पाटीच ना? ती स्वतः हिशेब करत नाही, चित्र काढत नाही, फाइल साठवत नाही. मग ती प्रोसेसरच्या पंगतीला कशी येऊन बसली? यात खरा खर्च किती आणि लूट किती? मी किती पैसे घालावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचून माळ्यावरचा खोका उतरवला. त्यात एच ८१ चाच एक जुना बोर्ड निघाला. भाचीच्या मशीनसाठी आणलेला बी ६५० अजून बसवायचा राहिला होता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या टेबलावरच मिळतं.

जुन्या बोर्डावर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती करड्या रंगाचे चार ठोकळे आहेत. या कॉइल. त्यांच्या बाजूच्या चिपा उघड्याच, त्यांना थंड ठेवायला काही लावलेलं नाही. कोपऱ्यात प्रोसेसरची वीज घ्यायला चार भोकांचं कनेक्टर. नव्या बोर्डावरच्या कॉइल बोट ठेवून मोजल्या, चौदा भरल्या. त्यांच्या लगतच्या चिपांवर ॲल्युमिनियमचे दोन जाड हीटसिंक स्क्रूने आवळलेले, आणि वीज घ्यायला आठ भोकांचं कनेक्टर. हातात घेतल्यावर नव्याचं वजन लगेच जाणवतं.

एवढा सरंजाम कशाला? एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. आजच्या प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्ट, तेही कामाप्रमाणे क्षणोक्षणी कमी-जास्त. ही उतरण कॉइल आणि चिपांच्या जोड्या करतात. व्होल्ट जितके कमी, तितका त्याच वॅटसाठी अँपिअरचा लोट मोठा. तुमच्या पिढीचे आय ५ बहुतेक ८४ वॅटचे. शिवाय त्या पिढीत शेवटची उतरण प्रोसेसरच्या पोटातच होत असे, त्यामुळे बोर्डाने पावणेदोन व्होल्टच्या आसपास दिलं की भागायचं. म्हणजे पन्नासेक अँपिअर. बी ६५० वरचं एएम ५ सॉकेट २३० वॅटपर्यंत देण्यासाठी आखलेलं आहे. एवढी वीज सव्वा व्होल्टने द्यायची तर दीडशेच्या पुढे अँपिअर जातात. घरातला दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. सोळा गिझरांना पुरतील एवढे अँपिअर तळहातापेक्षा लहान जागेतून जायचे आणि तांबं तापून भाजायला नको. हा खर्च खरा आहे. त्यात कोणी तुम्हाला फसवत नाही.

दुसरी गोष्ट दिसायला भिंग लागतं. रॅमच्या खाचांपासून प्रोसेसरकडे जाणाऱ्या बारीक रेषा बघा. काही सरळ जातात, काही मध्येच नागमोडी वळणं घेतात. ती वळणं शोभेची नाहीत. सगळ्या रेषांची लांबी सारखी भरावी म्हणून जवळच्या टोकाच्या रेषांना मुद्दाम फिरवून आणलेलं असतं, म्हणजे एकाच वेळी निघालेले संदेश एकाच वेळी पोचतात. तुमच्या एच ८१ वर ग्राफिक्स कार्डाची खाच पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीची आहे. तिच्या एकेका तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट जातात. चौथ्या पिढीत हा आकडा १६ अब्ज झाला, पाचव्या पिढीत ३२ अब्ज. बोर्डावरच्या तांब्यातून संदेश एका नॅनोसेकंदात पंधरा सेंटिमीटर जातो असं धरा. तुमच्या जुन्या बोर्डावर एक बिट तीन सेंटिमीटर लांबीचा होता. पाचव्या पिढीत तो पाच मिलिमीटरांतही मावतो. इतक्या आखूड बिटाला जरा वेडंवाकडं वळण, बोर्डाचं जरा निकृष्ट फायबर चालत नाही, संदेश वाटेतच विरतो. म्हणून जिथे तांब्याच्या चार थरांत भागत होतं तिथे सहा किंवा आठ थर आले, कमी गळतीचं महाग साहित्य आलं, आणि लांबच्या खाचांसाठी वाटेत संदेशाला पुन्हा जोर देणाऱ्या चिपा आल्या. एएमडीने २०१९ च्या जुलैत एक्स ५७० चिपसेटबरोबर चौथी पिढी घरच्या बोर्डावर आणली, तेव्हापासून ही चढण सुरू झाली. त्या चिपसेटला तर थंड ठेवायला स्वतःचा छोटा पंखा लागायचा.

आता रुपयाकडे या. २०१४ साली डॉलर साठ-बासष्ट रुपयांना होता. २०२५ च्या डिसेंबरात त्याने नव्वदी ओलांडली. मदरबोर्डाचा सगळा कच्चा माल आणि चिपा डॉलरमध्ये विकल्या जातात. तुमचा बेचाळीसशेचा बोर्ड तेव्हा करासकट सत्तर डॉलरच्या आतबाहेर होता. त्यात एक स्क्रूही न बदलता तो आज सहा हजारांच्या पुढे गेला असता. सांगलीच्या बाजारपेठेत याचं खापर दुकानदारावर फुटतं, पण यातला एकही रुपया त्याच्या गल्ल्यात गेलेला नाही.

इथे तुमच्या हिशेबातला एक गोंधळ दाखवायला हवा, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला आहे. एच ८१ हा २०१३ चा इंटेलचा सर्वांत खालच्या पायरीचा चिपसेट. रॅमच्या दोन खाचा, हार्डडिस्कसाठी चार जोड आणि विषय संपला. बी ६५० ही एएमडीची मधली पायरी आहे. तुम्ही तेव्हाच्या तळाच्या बोर्डाची आजच्या मधल्या बोर्डाशी तुलना करताय, आणि ती पायरी तुमच्यासाठी दुकानदाराने निवडली. एच ८१ ची आजची नात म्हणजे इंटेलचा एच ६१० किंवा एएमडीचा ए ६२०. त्यांचे साधे बोर्ड दुकानागणिक थोड्या फरकाने सात ते नऊ हजारांत मिळतात. बेचाळीसशे ते साधारण साडेसात हजार ही खरी वाढ आहे. त्यातले दोन हजार रुपयाच्या घसरणीचे आणि उरलेले बरेचसे वीज आणि वेगाचे. त्या बदल्यात एम.टू एसएसडीची खाच मिळते. तुमच्या जुन्या बोर्डावर ती नव्हती, आणि तुमच्या जड फाइलींना सगळ्यात जास्त फायदा तिचाच होईल.

म्हणजे लूट नाहीच का? आहे, आणि ती मधल्या व वरच्या पायऱ्यांवर आहे.

एके काळी बोर्डावर नॉर्थब्रिज आणि साउथब्रिज अशा दोन मोठ्या चिपा, म्हणजेच चिपसेट, असत. रॅम सांभाळायचं काम एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये प्रोसेसरच्या पोटात घेतलं आणि नॉर्थब्रिजची गरजच संपली. बोर्डावरची सर्वांत महाग वस्तू गेली, तर बोर्ड स्वस्त व्हायला हवा होता. पण त्याच काळात व्हाया, एसआयएस, एनव्हिडिया हे चिपसेट विकणारे एकेक करून बाहेर पडले. आज इंटेलच्या प्रोसेसरला इंटेलचाच आणि एएमडीच्या प्रोसेसरला एएमडीचाच चिपसेट घ्यावा लागतो. बोर्ड बांधणाऱ्यांचंही तसंच झालं. अबिट हे तेव्हाच्या हौशी मंडळींचं लाडकं नाव २००८ च्या अखेरीस संपलं. इंटेलने स्वतःच्या डेस्कटॉप बोर्डांचा धंदा आवरता घेत असल्याचं २०१३ च्या जानेवारीत जाहीर केलं. आज दुकानाच्या फळीवर मुख्यतः असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक या चार तैवानी कंपन्या दिसतात. लॅपटॉप आणि मोबाइलमुळे असेंबल करून घेणारं गिऱ्हाईक कमी झालं आहे. डबे कमी विकले जातात तेव्हा प्रत्येक डब्यातून जास्त काढावं लागतं, आणि त्यासाठी बोर्ड सजवला जातो.

माझ्या समोरच्या बी ६५० वर मागच्या जोडांच्या वर एक मोठं काळं कवच आहे, त्यावर चंदेरी अक्षरं. बघणाऱ्याला वाटावं, हाही हीटसिंक. खालचे दोन स्क्रू काढले तर हातात नुसतं प्लास्टिक आलं, आतून पोकळ. दिवे लुकलुकवायला चार जोड दिले आहेत. पण बोर्ड सुरू झाला नाही तर कुठे अडला हे सांगणारा दोन आकड्यांचा छोटा डिस्प्ले त्यावर नाही. ‘डिस्प्ले येत नाही’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक रिपेअरिंगवाला दिवसातून दहा वेळा ऐकतो. त्याचं उत्तर देणारी ही काही रुपयांची वस्तू आज मुख्यतः महागड्या बोर्डांवर उरली आहे. मला याचा मनापासून राग येतो. कवचाऐवजी ते दोन आकडे दिले असते तर कितीतरी धडधाकट रॅम आणि प्रोसेसर भंगारात जाण्यापासून वाचले असते.

नावांचंही असंच. २०२५ च्या जानेवारीत बी ८५० आला आणि दुकानदार तो ‘लेटेस्ट’ म्हणून पुढे करतात. त्याच्या आतली मूळ चिप बी ६५० चीच आहे. नियम थोडे बदलले, एसएसडीच्या एका खाचेला पाचवी पिढी सक्तीची झाली, पण चिप तीच. एएमडीने २०२२ मध्ये एएम ५ चे बोर्ड १२५ डॉलरपासून मिळतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या सप्टेंबरात फक्त महाग एक्स ६७० चे बोर्ड आले, ऑक्टोबरात आलेला बी ६५० सुद्धा त्या किमतीला मिळेना. ए ६२० यायला २०२३ चा मार्च उजाडला. आणि त्याच सुमारास शिखरावरचे काही बोर्ड हजार डॉलरच्या वर विकले जात होते. सारखाच प्रोसेसर हजार डॉलरच्या आणि दीडशे डॉलरच्या बोर्डावर बसवला तर पत्रिका छापायच्या कामात तुम्हाला सेकंदाचाही फरक सापडणार नाही.

तरीही ‘नुसती पाटी’ हा तुमचा शब्द मला मान्य नाही. कुठल्याही सेकंडहँड पार्टवाल्याला विचारा. तुमचा चौथ्या पिढीचा आय ५ तो अगदी किरकोळ किमतीला देईल, पण त्याला चालणारा धडधाकट बोर्ड मागितलात तर जास्त पैसे सांगेल. कारण प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतो तो बोर्ड. विजेच्या चढउताराने, धुळीने, ओलीने, कॅबिनेटमध्ये शिरलेल्या उंदराने. २००० नंतरच्या काही वर्षांत तर निकृष्ट द्रवामुळे कपॅसिटर फुगून फुटायचे आणि बोर्ड ढिगाने जायचे. आता बहुतेक बोर्डांवर घन कपॅसिटर असतात म्हणून तो त्रास जवळपास मिटला, आणि तुमचा बोर्ड इतकी वर्षं टिकण्यामागे हेही एक कारण आहे. बोर्डाविना उरलेल्या प्रोसेसरांसाठीच २०११ च्या एच ६१ चिपसेटचे नवे बोर्ड आजही फारशा ओळखीच्या नसलेल्या नावांखाली विकले जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळतात. ते घेऊ नका. त्यावर विंडोज ११ ची अडचण तुम्हाला तशीच भोगावी लागेल.

म्हणून बोर्डाचं मोल मी वेगात मोजत नाही, तो किती वर्षं आणि किती प्रोसेसर पचवतो यात मोजतो. एएमडीचं एएम ४ सॉकेट याचं उत्तम उदाहरण. २०१७ मध्ये रायझन प्रोसेसरबरोबर ज्यांनी बी ३५० बोर्ड घेतला, त्यांना बायोस अपडेट करून २०२२ चा ५८०० एक्स ३ डी प्रोसेसर त्याच बोर्डावर बसवता आला. हे सहज मिळालेलं नाही, बरं का. २०२० च्या मे महिन्यात एएमडीने बी ४५० बोर्डांनाही नवे प्रोसेसर चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं. गिऱ्हाइकांनी जोरदार आवाज उठवला तेव्हा निर्णय फिरला. उलट इंटेलचं १२०० पिनांचं सॉकेट २०२० च्या मे महिन्यात आलं आणि २०२१ च्या नोव्हेंबरात १७०० पिनांचं सॉकेट त्याच्या जागी आलं. एएम ५ ला २०२७ पर्यंत किंवा पुढेही नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलं आहे. दर तीन-चार वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्या व्हिडिओ एडिटरने बी ६५० ला साडेचौदा हजार दिले तर ते वसूल होतात.

तुम्ही मात्र २०१४ पासून प्रोसेसर बदललेला नाही आणि यापुढेही बदलणार नाही, असं तुमच्या पत्रावरूनच दिसतं. मग तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे. साडेचौदा हजारांचा बोर्ड घेऊ नका. डीडीआर ४ रॅम चालणारा एच ६१० बोर्ड आणि त्यावर इंटेलचा बाराव्या पिढीचा आय ५-१२४०० घ्या. शेवटी ‘एफ’ अक्षर नसलेला, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार नाही. डीडीआर ४ वर भर देण्याचं कारण असं की २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी कारखान्यांचा माल उचलला, आणि मायक्रॉनसारख्या बड्या उत्पादकाने डिसेंबरात क्रूशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. एएम ५ वर फक्त डीडीआर ५ चालते, तिथे पळवाट नाही. डीडीआर ४ सुद्धा महागली आहे, पण ती सेकंडहँड मिळते आणि वापरलेली रॅम घेण्यात फारसा धोका नसतो. तुमच्या जुन्या मशीनमधली डीडीआर ३ मात्र नव्या बोर्डात कुठेच बसणार नाही. वाचलेले सहा-सात हजार १६ जीबी रॅम, चांगला एसएसडी आणि यूपीएस यांत घाला. दुकानात बोर्ड उघडून दाखवायला सांगा आणि कॉइलच्या बाजूच्या चिपांवर निदान एक हीटसिंक आहे ना, ते बघा. बिलावर बोर्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या. आपल्याकडे बहुतेक नामांकित बोर्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते आणि ती त्या बिलावरच अवलंबून राहते.

घाई मात्र नको. विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत नोंदणी करून मिळवायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे.

प्रश्न : प्रोसेसर बसवताना माझ्या हातून तो सॉकेटवर निसटला आणि बोर्डाच्या तीन-चार पिना वाकल्या. आता दोनपैकी एकाच खाचेतली रॅम दिसते. सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली. बोर्ड फेकून द्यावा लागेल का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : फेकू नका. पिना वाकणं ही हाताळणीतली चूक धरली जाते, म्हणून वॉरंटी मिळत नाही. आधी घरगुती प्रोसेसरांच्या पिना प्रोसेसरच्या बुडाला असत. इंटेलने २००४ मध्ये आणि एएमडीने २०२२ मध्ये त्या बोर्डावर हलवल्या, आणि त्यांच्याबरोबर मोडतोडीची जोखीमही बोर्डाकडे आली. एएम ५ वर अशा १७१८ पिना आहेत. त्या सरळ खिळे नसून तिरक्या, केसासारख्या स्प्रिंग आहेत. शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलने पिन सरळ करायची जुनी युक्ती इथे चालत नाही.

आधी मोबाइलने झूम करून भरपूर उजेडात फोटो काढा. पिनांच्या ओळी एका दिशेने चमकतात, वाकलेली पिन वेगळी चमकते. रॅमची एकच खाच दिसते आहे, म्हणजे त्या बाजूच्या संदेशाची एखादी पिन टेकत नसणार. बाकी बोर्ड बहुधा शाबूत आहे. मोबाइल रिपेअरिंगचं ज्या दुकानात मायक्रोस्कोप आहे तिथे बोर्ड न्या. ते काम बारीक चिमटा किंवा शिवणाची सुई घेऊन पिन शेजारच्या ओळीच्या कोनात हळूहळू उचलण्याचं आहे, आणि हात बसलेला माणूस ते अर्ध्या तासात करतो. मी स्वतः एकदा घरी करायला गेलो आणि दोनाच्या पाच पिना करून ठेवल्या, म्हणून हे सांगतोय.

आणि बोर्डाबरोबर सॉकेटवर जे काळं प्लास्टिकचं झाकण आलं होतं ते शोधून बॉक्समध्ये ठेवा. प्रोसेसर काढलात की ते लगेच बसवायचं. पुढे दुसऱ्या कुठल्या कारणाने बोर्ड वॉरंटीला पाठवायची वेळ आली, तर त्या झाकणाशिवाय तो सहसा घेत नाहीत.